दीड तासाची लेक

मी, यांग जोमसुन, वय चौऱ्याऐंशी, विधवा, राहणार पोसोंग जिल्ह्यातल्या खाडीकाठी, माझी शेवटची इच्छा सांगून लिहवून घेत आहे. कुणाची जबरदस्ती नाही. डोकं ठिकाणावर आहे. सरकारी कागदात ते ठिकाणावर नाही असं लिहिलेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगावं लागेल.

१. राहतं घर व मागचे लसणाचे वाफे मुलगी हान मिग्योंग हिला मिळावेत. मुलगा हान दोंगचोल याला कायद्याने द्यावाच लागतो तेवढा वाटा मिळावा, त्याहून चमचाभरही जास्त नाही. माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तो सोलहून दोन तासांसाठी आला होता. त्यातला एक तास बाहेर फोनवर बोलत होता.

२. मिग्योंगने शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडली, शिकून परीक्षा दिली आणि घरी सेवा पुरवणाऱ्या केंद्रात माझ्यासाठीच कामाला लागली. दाराशी एक चकती चिकटवली आहे. त्या चकतीला फोन टेकवला की काम सुरू झाल्याची नोंद, तासाने पुन्हा टेकवला की संपलं. घरच्याच माणसाने सेवा केली तर सरकारी विम्यातून नियमाने रोज एकाच तासाचा पगार, आणि महिन्यातून वीसच दिवस. बाकीचे तेवीस तास ती माझी मुलगी, आणि मुलीला पगार नाही. माझं पोट काही तेवढ्या तासातच बिघडत नाही.

३. चिखलावर सरकवायची माझी फळी दोंगचोलला द्यावी. तिच्यावर गुडघा टेकून चाळीस वर्षं शिंपल्या काढल्या, त्यातून तो इंजिनियर झाला. सोलच्या दिवाणखान्यात जागा करावी. मागच्या छुसोकच्या सणाला तो ताटावर बसून म्हणाला, "पगार घेऊनच करते ना ती? मोलकरणीला कुणी घर देतं का, आई?" मिग्योंग माझ्या माशातले काटे काढत होती. ती काढतच राहिली. त्या बोलण्याचा राग अजून गेलेला नाही.

४. आता कबुली. तीन वर्षांपूर्वी शेजारणीकडून कळलं की म्हातारं माणूस भ्रमिष्ट होऊन अंगावर जाऊ लागलं, तर घरच्या माणसाला रोज दीड तासाचा पगार मिळतो, तोही महिन्याचे सगळे दिवस. विम्याचा तपासनीस आला त्या दिवशी मी शेवाळाच्या सुपाचा वाडगा त्याच्यावर फेकला आणि मिग्योंगकडे बोट दाखवून विचारलं, ही बाई कोण? डॉक्टरांपुढेही तेच केलं. मी भ्रमिष्ट असल्याचा कागद झाला. परतताना गाडीत मिग्योंग म्हणाली, "आई, खरंच तुझं असं झालं तर मी काय करू?" मी नाटक करते आहे हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने केंद्राला कळवलं असतं. ती बापावर गेली आहे. दोष सगळा माझा, वसुली करायची तर माझ्या बचतीतून करावी.

५. वकीलसाहेबांनी बजावलं की तो कागद दाखवून दोंगचोल हे मृत्युपत्र रद्द करवेल. म्हणून ग्वांगजूच्या मोठ्या इस्पितळात जाऊन परीक्षा दिली. शंभरातून सात वजा करत गेले, वार, महिना, ऋतू सगळं सांगितलं. शुद्धीत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. त्याची एक प्रत विमा कार्यालयाला मी स्वतः पाठवली आहे.

मिग्योंगला हे काल सांगितलं. ती म्हणाली, "घर मला नको होतं गं. पगार पुन्हा एका तासावर येणार, पुढच्या महिन्यापासून कसं भागवायचं?"

तिचं खरं आहे. आता मी जितकी वर्षं जगेन तितका तिचा तोटा आणि मेले की फायदा. पोटच्या पोरीसाठी मी ही सोय, पूर्ण शुद्धीत, माझ्या हाताने करून ठेवली आहे.

वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे, म्हणून मोहोर उठवली.

यांग जोमसुन (मोहोर)

साक्षीदार, दोघेही नात्यातले नाहीत:
सो माल्जा, शेजारीण
इम ब्योंगहो, माजी गावप्रमुख

वकीलसाहेबांचं कार्यालय, सुनछोन, १२ नोव्हेंबर २०२४