पुस्तकात नसलेलं वाक्य

सर, गेल्या गुरुवारी सकाळी पूजा आटोपली आणि देवघरासमोरच्या सतरंजीवर मी तुमचं इंग्रजी पुस्तक आणि तुमच्या सात वह्या शेजारी शेजारी मांडल्या. वह्या तुमच्या, अक्षर माझं. बायकोनं आणून ठेवलेला चहा गार झाला. पुस्तकातली एक ओळ वाचायची, वहीतली एक ओळ वाचायची, दोन्ही जुळल्या की पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचं. कारखान्यात टाइमकीपर म्हणून इतकी वर्षं मी हेच करत आलोय, कोण आलो म्हणतो आणि कोण खरंच आला ते ताडून बघायचं. पण त्या सकाळी माझा संशय कामगारांवर नव्हता, तुमच्यावर होता. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी तुम्ही या पुस्तकावरून मराठीत सांगितलेली कथा छापायचं ठरवलंय आणि शेवटची तपासणी माझ्याकडं आलीय, कारण ती उतरवून घेणारा मीच. पाचव्या वहीत एक वाक्य आहे. ते तुम्ही पुस्तकातून घेतलं, की माझ्याकडं बघून बनवलं, एवढंच मला शोधायचं होतं. मला वाटतं, माझ्या तरुणपणापासून मी तेवढंच शोधतोय.

सुरुवात अशी झाली होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तालमीत होतो. गडहिंग्लजकडच्या आमच्या त्या गावात माझ्याएवढं अंग दुसऱ्या कुणाचं नव्हतं. दहावी तुमच्या हाताखाली कशीबशी झालेली. एका रविवारी तुमचा निरोप आला, मला वाटलं लाकडं फोडायची असतील. तुमच्या स्वयंपाकघरात, बुद्धाच्या तसबिरीखाली तुम्ही पाटावर बसलाय आणि मांडीवर जाडजूड पुस्तक आहे. "बस," तुम्ही म्हणता. "एका पैलवानाची गोष्ट हाय. बर्फाच्या मुलखातली, आइसलँड म्हणतात त्याला. शेकडो वर्षांमागं कुणीतरी लिहून ठेवलीय. मला ती मराठीत सांगायचीय. पण माझा हात थरथरतोय, आन् कुस्ती मला येत न्हाई. दोन्ही तुझ्याकडं हाय." त्या गोष्टीत एक मेलेला गुराखी असतो, तो थडग्यातून उठून एका शेतकऱ्याचं घर उद्ध्वस्त करत असतो. तुम्ही त्याला वेताळ म्हणायचा. आपला बलदंड गडी त्याच्याशी झोंबायला त्या घरात जाऊन बसतो. "वेताळानं ह्याला धरून दाराकडं वढलं. आता पैलवान काय करंल, सांग."

"उंबऱ्याला पाय लावंल की, सर."

"मग?"

"मग एकदम ढिल द्यायची. तो वढतोय तिकडंच आपण धक्का द्यायचा. उताणा पडतोय."

तुम्ही मांडीवरच्या पुस्तकावर जोरात थाप मारलीत. "ऐकलंस का गं? पुस्तक न वाचता ह्यानं गोष्ट सांगितली!" चुलीपुढनं काकू म्हणाल्या, "मग तुम्ही कशाला एवढं इंग्रजी शिकलासा?" त्या दिवसापासून दर रविवारी मी यायला लागलो. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं, आणि झटापट आली की मी सांगायचं आणि तुम्ही मान हलवायची. पट, ढाक, मोळी, सगळे आपले डाव त्या बर्फात जाऊन बसले. माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं शहाणं समजलं नव्हतं.

मग ती जत्रा आली. हातकणंगल्याकडचा एक पैलवान माझ्यावर जोडलेला. पंधरा मिनिटं मी त्याला खेळवला, सगळं गाव बघत होतं, आणि मग अचानक मी पडलो. पाठ मातीला लागली. मागनं कुणीतरी म्हणालं, "नूरा." ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडं नूरा म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे. हलगी थांबली आणि सगळे तोच एक शब्द ओरडायला लागले. वर दोन दिवस आधी गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर त्या पैलवानाच्या वस्तादांबरोबर मी भजी खाताना कुणीतरी बघितलेलं. त्यांनी ओळखून हाक मारली, प्लेट पुढं केली, मी खाल्ली. एवढंच. पण एवढंच पुरतं.

दुसऱ्या दिवशी पंचांनी देवळात बोलावलं. बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायची, म्हणजे विषय मिटला. मी आंघोळ करून, उपाशीपोटी गेलो. तुम्ही देवळात येत नव्हता, पायरीखाली चपला घालूनच उभे होता. मी हात पुढं केला. "कुस्ती विकली न्हाई" असं म्हणायला मी तयार होतो, मोठ्यानं म्हणालो असतो. तेवढ्यात म्हातारे पंच म्हणाले, "विकली-बिकली नगं. सरळ म्हण. कुस्ती सोडली न्हाई, असं म्हण." माझा हात तिथंच थांबला. विकली नव्हती, सर. सोडली होती. माझी मान त्याच्या बगलेत होती आणि आत काडी मोडल्यासारखा आवाज झाला. हलगीच्या गोंगाटात तो फक्त मला ऐकू आला. आमच्या तालमीतला एक गडी आदल्या वर्षी मानेवर पडला होता, त्याला त्याची आई चमच्यानं भात भरवायची. मला तो चमचा दिसला. अजून जोर होता, डाव सुटण्यासारखा होता, आणि मी पाठ टेकवली. हे चारचौघांत कसं सांगायचं? आणि देवापुढं खोटं कसं बोलायचं? मागनं एकजण म्हणाला, "उचल की रं, भंडारा हाय, निखारा न्हवं!" सगळे हसले. मी हात मागं घेतला, वळलो आणि तुमच्या शेजारून निघून गेलो. तुम्ही हाक मारली नाहीत.

पुढच्या रविवारी जाऊ की नको करत मी गेलो. तुम्ही नेहमीसारखं "बस" म्हणालात आणि सांगायला लागलात. आपला गडी गारठलेल्या सोबत्यांसाठी बर्फासारखं पाणी पोहून पलीकडच्या घरातनं विस्तव आणतो. तिथली माणसं त्याला राक्षस समजतात, झटापट होते, मागं ते घर जळतं, आतली माणसं मरतात. यानंच जाळलं, असं सगळे म्हणतात. राजा सांगतो, देवळात ये, तापलेलं लोखंड हातात धरून चाल, हात भाजला नाही तर तू निर्दोष. तो उपास करून येतो. गर्दीतनं एक टवाळ पोरगा त्याला चिडवतो. माझं पेन जड झालं होतं. मग तुम्ही सांगितलंत, "तो वळला आणि देवळाबाहेर चालता झाला. लोखंड तापलेलं होतं, की त्याचा हातच गार पडला होता, हे कुणालाच कळलं नाही."

मी थांबलो. "सर, असं हाय पुस्तकात?"

"लिही की."

"न्हाई, पण असंच हाय?"

"दुपार झाली. लिही."

मी लिहिलं. लिहिताना वर बघितलं, तर पुस्तक तुमच्या मांडीवर मिटलेलं होतं, आत नुसतं बोट.

त्यानंतरच्या एकाही रविवारी मी मोकळ्या मनानं बसलो नाही. त्या गड्याला वेताळाचा शाप लागलेला, अंधारात एकट्यानं राहवत नाही, म्हणून तो भेटेल त्याला सोबतीला ठेवतो, आणि त्यातलाच एकजण त्याला मारायला टपलेला असतो. तुम्ही तो भाग जरा हळू सांगितलात, तर मला वाटलं माझ्यासाठीच हळू सांगताय. शेवटी तो एका उंच कड्याच्या बेटावर लपून राहतो, तिथला आळशी नोकर शिडी वर ओढून घेत नाही आणि वैरी चढून येतात. लिहिताना मला वाटलं, हा दगा देणारा नोकर मीच. काकूंनी एकदा चहाबरोबर भजी दिली, तर मला तोसुद्धा टोमणा वाटला. मी ती खाल्ली नाहीत. "पोट बिघडलंय व्हय?" काकूंनी विचारलं. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. तुमचं ते न विचारणंच मला सगळ्यात जास्त टोचायचं. तुम्ही मला चोर ठरवून टाकलंय, म्हणून विचारायची गरज उरली नाही, असा मी हिशेब केला होता.

सातवी वही संपली. मी कुस्ती सोडली, ती खरोखरची, आणि कारखान्याला लागलो. नवं शतक लागलं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. पुढं काकूंनी बोलावून घेतलं आणि हे पुस्तक हातात दिलं. "हे तुझं. त्याला द्या म्हणालते." मी धीर करून विचारलं, त्या कुस्तीबद्दल सर कधी काही बोलले का. "बोलले की. त्याला कुणी विचारायचं न्हाई, म्हणले."

"का?"

"मला काय म्हाईत? मीबी विचारलं न्हाई."

हे वाक्य मी किती वेळा उलटंपालटं करून बघितलं असेल. दया होती की खात्री? त्या वर्षी शब्दकोश घेऊन मी पुस्तक वाचायला बसलो. पानापानावर समासात तुमच्या पेन्सिलीनं लिहिलेले मराठी अर्थ होते, त्यांच्या आधारानं पुढं सरकत गेलो. घर जळालं तिथवर आलो आणि पुस्तक मिटलं. इंग्रजी झेपत नाही, असं बायकोला सांगितलं. ते पुढं वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं.

गुरुवारी ते प्रकरण मी वाचलं. पुस्तकातला गडी वळून निघून जात नाही, सर. तो त्या टवाळ पोराच्या कानशिलात असा ठोसा ठेवून देतो की पोरगा बेशुद्ध पडतो, आणि राजा म्हणतो, तू तुझी संधी घालवलीस. लोखंड राहतं तिथंच. गार हाताचं वाक्य कुठंही नाही, मी पुढची चार पानं चाळली. आणि जिथं सगळ्या पुस्तकात तुमची पेन्सिल आहे, तिथं या दोन पानांवर एकही अक्षर नाही. म्हणजे या पानांचा अर्थ तुम्हाला लावायचाच नव्हता. तुम्ही त्याचा ठोसा काढलात आणि त्याला माझ्यासारखं चालवलंत. एवढ्या वर्षांचा संशय खरा निघाला, तरी मला काही कळलं नाही. ठोसा काढला ही मेहेरबानी, की वाक्य घातलं हा आरोप? प्रेसमधली टायपिंग करणारी मुलगी फोनवर विचारत होती, "काका, पाचवी वही कवा देताय? बाकी समदं लागलंय." तुमचा शब्द बदलायला हात धजत नव्हता, आणि पुस्तकात नसलेलं छापून लोकांना द्यायलाही.

रविवारी काकूंकडं गेलो. आता त्यांना कमी ऐकू येतं. मेथी निवडत बसल्या होत्या. वहीतलं पान आणि पुस्तकातलं मराठी करून, दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, कुणालातरी सांगितलं, "विकली न्हवती काकू. सोडली होती. मान मोडंल म्हणून भ्यालो." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मान हाय न्हवं जाग्यावर? मग झालं तर." मी विचारलं, वाक्य ठेवू की काढू. त्यांनी एक जून काडी मोडून बाजूला टाकली. "ते त्यांनी तुला दिलतं. पुस्तकाला कुठं दिलतं?"

काल कोल्हापूरला प्रेसमध्ये जाऊन त्या मुलीशेजारी बसलो. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. "ठोसा कुठं मारला, काका?" "कानशिलावर." "जोरात?" "बेशुद्ध पडला म्हण." तिनं लिहिलं. मग तुमचं वाक्य पडद्यावर आलं, ते मी तिला पुसायला सांगितलं आणि पुसलेलं बघितलं. पान छपाईला गेलं. तुमचा अर्थ काय होता ते मला आजही ठाऊक नाही, आणि हे पत्र कुठं पाठवायचं तेही ठाऊक नाही. पण तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मी इतकी वर्षं तुमच्यावर रागावून होतो, तर एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या रविवारी तुम्ही विचारलं असतं, तर मी "न्हाई सोडली" असंच म्हणालो असतो. देवापुढं खोटं बोलायची माझी छाती झाली नाही. तुमच्यापुढं झाली असती.