एसीखालची लाकडी पट्टी

१२ एप्रिल २००७

खिडकीतला एसी परत गळला. बाहेर नाही — घरात! खाली परात ठेवली, ती सकाळपर्यंत भरली. बेडरूमच्या भिंतीवरची बुरशी आता आईंच्या उशीपर्यंत उतरली आहे. पुसते, चार दिवसांत परत येते. सासूबाईंना दमा, आणि उकाड्यात थंड खोली बरी म्हणून मीच त्यांना तिथे झोपवलं. शहाणी मी!

१४ एप्रिल

जयंती. आई मिरवणुकीला गेल्या नाहीत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जिना उतरतानाच धाप लागली. डॉक्टरांनी नेब्युलायझर लावला. म्हणाले, त्या खोलीत झोपायचं नाही. आता आम्ही तिघं हॉलमध्ये.

१५ एप्रिल

घरमालक विष्णुपंत वरच्या मजल्यावरून खाली आले. भिंतीवर बोट फिरवलं, मग बोटाकडे बघितलं. "तुमच्याआधी चार वर्षं चालला. थेंब पडला नव्हता."

मी म्हटलं, एसी तुमचा, भिंत तुमची, दुरुस्ती तुम्ही करायची. तर म्हणे, "वापर तुमचा. करारात तसंच आहे." करारात एसीचं नावसुद्धा नाही, मी तीनदा वाचला. जाताना म्हणाले, "मेअखेर संपतोय ना करार?"

ते 'तुमच्याआधी' डोक्यातून जात नाही. आडनाव ऐकून बदलापुरात पाच घरांनी "कळवतो" म्हटलं होतं. सहावं हे. हे गेलं तर दमेकरी बाईला घेऊन परत दारोदार फिरायचं? मला भीती वाटते, बस.

२० एप्रिल

शुक्रवार, मुकेशची सुट्टी. विष्णुपंत स्वतः उल्हासनगर कॅम्प तीनहून मेकॅनिक घेऊन आले. त्याने एसीवर नुसता हात ठेवला. "ये सीधा किसने किया? पीछे से थोडा नीचे चाहिए, साईं. पानी बाहर कैसे जाएगा?"

जुलैत राहायला आलो त्याच आठवड्यात मुकेशने, आमच्या नवऱ्याने, तो सरळ केला होता! अंबरनाथला टूलरूममध्ये असतो, वाकडं काही बघवत नाही. सपाटी मोजायची लेव्हल लावली, पुढच्या बाजूखालची लाकडी पट्टी काढली, बुडबुडा मधोमध आल्यावर आईंना आणि मला हाक मारून दाखवला. मीही कौतुक केलं. पावसाळ्यात-थंडीत एसी लावलाच नाही, म्हणून कळलं नाही.

मुकेश पंख्याकडे बघत होता, मी मुकेशकडे. विष्णुपंत मेकॅनिकला म्हणाले, "कोणी का केला असेना, आता नीट बसव." खाली पट्टी बसली आणि पाणी बाहेर पडायला लागलं. विष्णुपंतांना सोडायला आईच जिन्यापर्यंत गेल्या.

२१ एप्रिल

मुकेश म्हणाला, "मी वर जाऊन सांगून येतो." मी अडवलं. "आधी करार होऊ दे." हे माझं वाक्य. लिहून ठेवते.

२५ एप्रिल

विष्णुपंत जिन्यात भेटले. आईंची चौकशी केली. मी खाली बघून उत्तर दिलं.

२७ एप्रिल

मला न सांगता गेला आणि सांगून आला! विष्णुपंत एवढंच म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. चल, भिंत बघू." दोघांनी मिळून बुरशी खरवडली, पुट्टी भरली. ठरलं — मशीनची दुरुस्ती त्यांच्याकडे, या वेळचा भिंतीचा रंग आमच्याकडे, आणि नव्या करारात हे लिहायचं. दोघांच्या मिशांवर चुना बघून किती दिवसांनी पोटभर हसले. चहा दोनदा केला.

५ मे

आई परत बेडरूममध्ये. रात्रभर खोकल्या नाहीत. मीच दोनदा उठून बघून आले.

८ मे

करारावर सह्या झाल्या. स्टॅम्पपेपरवर खरेदीची तारीख २१ एप्रिल. मुकेश वर गेला त्याच्या सहा दिवस आधीची! म्हणजे आम्हाला ठेवायचं त्यांचं तेव्हाच ठरलं होतं?

आईंना दाखवलं. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "मी सांगितलं ना त्यांना, मेकॅनिक आला त्या दिवशीच, जिन्यात. तुमचं दोघांचं तोंड उघडंना, मग कोण सांगणार?"