दुसरं टोक

मंगळवार, ९ तारीख, दुपार

तीर्थरूप दादा,

नमस्कार. खरं तर पायावर डोकं ठेवल्याचं लिहायचं असतं, पण तू समोर असतास तर पाय मागे घेऊन ‘आधी चपला जागेवर ठेव’ म्हणाला असतास. मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे? वहिनीला सांग, तिनं विणलेल्या स्वेटरच्या बाह्या कोपराशीच संपतात, तरी मी तो ब्रश पुसायला घेतलेला नाही, अंगातच घालतो.

चार वर्षांत हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन पोस्टकार्डं होती आणि दोन्हींत नुसतं हवामान होतं. या वेळी मला चित्रांबद्दल सांगायचंय. चार झाली आहेत, पाचवं कालच संपलं. पाचव्याचं शेवटी सांगतो.

सध्या मी एका हॉस्पिटलच्या भिंती रंगवतो. खाली हिरवा, वर पांढरा, मधली रेघ मात्र सुतासारखी सरळ हवी. त्यासाठी आमचा मुकादम निळी पूड लावलेली दोरी ताणून भिंतीवर मारतो, तुझ्यासारखीच. रोज म्हणतो, “अरे, टोक धर.” रोज मी म्हणतो, “मी शिडीवर जातो, टोक दुसऱ्या कुणाला सांगा.” त्याला वाटतं, मला उंचीची हौस आहे.

उंचीवरून दिसतं मात्र भारी. मागच्या अंगणात दोन बायका हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालतात. चार पावलं मागे, एक झटका, चादर हवेत फुगते, मग चार पावलं पुढे आणि कोपऱ्याला कोपरा. एकमेकींकडे बघतसुद्धा नाहीत. एक सुनेची गाऱ्हाणी सांगत असते, दुसरी ‘हं’ म्हणत असते, आणि मधल्या मधे ती पांढरी गोष्ट श्वास घेते आणि सोडते. मी बघत राहिलो, तर हिरवा रंग कोपरापर्यंत ओघळला. मुकादम खालून म्हणाला, “भिंतीला लाव रे बाबा, स्वतःला नको.” पहिलं चित्र ते. एक बाई आणि कॅनव्हासच्या कडेपर्यंत फुगलेली चादर. चादरीच्या आत मी सकाळ कोंडली आहे. कशी कोंडली विचारशील तर मलाही सांगता येणार नाही. चार वेळा खरवडली, पाचव्यांदा ती आपोआप येऊन बसली.

दुसरं, कपाट. माझ्या जिन्यावरून दोन हमाल कपाट चढवत होते. खालच्याला कपाटाशिवाय काही म्हणजे काही दिसत नव्हतं. वरचा सांगायचा, “डावीकडे. अजून. आता पायरी.” आणि हा त्या आवाजावर पाय टाकायचा. दादा, मला ते देवळात गेल्यासारखं वाटलं. एवढं जड ओझं, आणि सगळा भरवसा एका आवाजावर. मी वाट अडवून उभा होतो, त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. चित्रात खालचा हमाल आहे, कपाट आहे आणि वर पांढरा होत जाणारा जिना.

तिसऱ्यात एक मुलगी उड्यांची दोरी फिरवते. दोरीची कमान घरांच्या वरून गेली आहे आणि कमानीखाली अख्खं शहर उडी मारायच्या तयारीत आहे. चौथ्यात काचा पुसणाऱ्याचा दोर आहे, नुसता दोर, आभाळातून खाली आलेला.

चित्रं मी फ्रेमवाल्या मावशींकडे नेली. माझी खोली त्यांच्या दुकानाच्या मागेच आहे. बाईंच्या तोंडात कायम दोन खिळे, त्यामुळे बोलतात कमी. पुढच्या महिन्यात दुकानाच्या लांब भिंतीवर चित्रं लावू म्हणाल्या, लोकांना बोलावू. मी हवेतच होतो. त्यांनी चारही चित्रं ओळीनं लावली, मागे सरकल्या, तोंडातले खिळे काढून हातात घेतले आणि म्हणाल्या, “बरी आहेत. पण दुसरं टोक कुणाकडे आहे रे?”

मी म्हटलं, “कसलं टोक?”

“चादरीचं. कपाटाचं. या पोरीच्या दोरीचं. सगळीकडे एकच माणूस धरून उभं आहे, त्या दोराला तर तेवढंही नाही. दुसऱ्याला कुठे धाडलंस?”

मी बघितलं. दादा, शप्पथ सांगतो, मला माहीत नव्हतं. तीन महिने मी रोज ही चित्रं बघतोय. माझ्या हाताला ठाऊक होतं आणि त्यानं मला विचारलंच नव्हतं.

आता जरा थांबतो. खिडकीत एक खार आली आहे.

बुधवार, सकाळ

खार कालच गेली. मी उगाच थांबलो होतो.

ती सकाळ तुला आठवते, म्हणजे आठवणारच. आपल्या सुतारकामाच्या शेडमध्ये लांब फळी होती, कुणाच्या तरी पोटमाळ्याची. तू कटरच्या फिरत्या पात्यावर ती पुढे ढकलत होतास आणि पलीकडून बाहेर येणारं टोक मी धरून होतो. तू म्हणालास, “भिरभिऱ्या, लक्ष दे.” मी दिलं होतं. मग वरच्या झरोक्यातून ऊन आत आलं आणि उडणारा सगळा भुसा एकदम सोन्याचा झाला. तो पडत नव्हता, दादा. प्रत्येक कण जागच्या जागी उभा होता, जणू कुणीतरी ‘थांबा’ म्हटलंय. मी एक हात वर केला, त्यात घालून बघायला. मग दुसराही.

फळी निसटली नव्हती. मी सोडली.

माझं टोक खाली गेलं, तुझ्या बाजूचं उडालं आणि तुझा डावा हात पात्यावर गेला. तीन बोटं. दवाखान्यात बाबांनी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, “ओली होती, निसटली.” मला वाटलं, तुला तसंच वाटतंय. मी गप्प बसलो. आठ दिवसांनी ‘चित्रकार व्हायला’ निघालो, आणि तू चांगल्या उजव्या हातानं माझ्या पिशवीला गाठ मारून दिलीस.

सगळ्यात वाईट ते आता लिहितो. त्या दिवसाचं मला अजूनही आधी सोनं आठवतं आणि रक्त मागून.

स्वेटरबरोबर वहिनीची चिठ्ठी होती. तिनं गंमत म्हणून लिहिलंय, “हे हल्ली एकटेच काम करतात. दोरीचं दुसरं टोक खिळ्याला अडकवतात. माणूस ठेवा म्हटलं तर म्हणतात, खिळा बरा, तो इकडेतिकडे बघत नाही.” मी ती ओळ वाचली आणि जिन्यातच बसलो. म्हणजे तू बघितलं होतंस. माझे वर गेलेले दोन्ही हात तू बघितले होतेस, आणि तरी बाबांना सांगितलंस की फळी ओली होती. बाबा गेले ते तेच खरं मानून. चार वर्षं मला वाटत होतं की मी तुझ्यापासून लपवतोय. लपवत तू होतास, सगळ्यांपासून, माझ्यासाठी. सूर्य, चादरी, कपाटं खूप बघितली मी, पण एवढं मोठं काही बघितलं नव्हतं. त्याचं चित्र कसं काढतात, मला ठाऊक नाही.

तरी काढलं. पाचवं तेच. झरोका, भुसा, फळी आणि दोन माणसं, दोन्ही टोकांना. माझे हात वर आहेत. तुझे फळीवर आहेत, दहाही बोटं, कारण तो क्षण त्याच्या आधीचा आहे. मावशींना दाखवलेलं नाही. ते तू आधी बघायचंस. तू नको म्हणालास तर ते भिंतीवर लागणार नाही, आणि बाकीची चारही नाही. तीही त्या एकाच सकाळीतून आली आहेत.

काल पत्र अर्धं ठेवून कामावर गेलो आणि मुकादमाला म्हटलं, “आज टोक मी धरतो.” त्यानं माझ्याकडे जरा बघितलं आणि दोरी दिली. ताणलेल्या दोरीतून समोरच्या माणसाचा हात जाणवतो, नाडीसारखा. हे मी विसरलो होतो. खिडकीतून काहीतरी चमकलं. काय ते मला माहीत नाही. मी बघितलं नाही.

रविवारी सकाळी पोचतो, चित्र घेऊन. माफ कर असं लिहायला बसलो होतो, पण माफी पत्रातून मागायची नाही. आईला गुडघ्याचं तेल लावून दे, आणि ती रडत रडत स्वयंपाकाला उठली तर मी जेवून आलोय म्हणून खोटं सांगू नकोस, मी जेवणार आहे. चपला जागेवर ठेवीन.

एकच मागणं आहे. रविवारपुरता तो खिळा काढून ठेव.

टोक धरायला येणारं,
तुझं भिरभिरं