पेत्राच्या सासूचा ताप

राजूर

प्रिय शमुवेल,
तुला आणि दीनाला प्रभूच्या नावाने सलाम.

माझी सुनीती आणि तिचं बाळ ठणठणीत आहेत. मीही दोन्ही वेळा जेवते. तुझी पाठ कशी आहे? फोनवर माझ्या तोंडून भलतंच जाईल, म्हणून लिहिते.

कॉन्व्हेंट शाळेत लागलेली खोड जात नाही. काल पेत्राच्या सासूच्या तापाची गोष्ट बायबलातल्या तीन शुभवर्तमानांत शेजारीशेजारी ठेवून वाचली. मार्क म्हणतो, लोकांनी येशूला लगेच सांगितलं. लूक म्हणतो, त्यांनी तिच्यासाठी विनवणी केली. मत्तयात कुणीच बोलत नाही. येशूला स्वतःलाच ती दिसते.

आपली धाकटी बहीण रूथ तिथे भिंगारला आठवडाभर तापाने फणफणत होती, आणि तू मला कळवलंस ते तिला मातीत ठेवून आल्यावर. वर म्हणतोस, "अक्का, पोरीचं बाळंतपण होतं, तुला कशाला घोर?" मोठा शहाणा! मला राजूरहून भिंगार दिसतं का रे?

तिन्ही गोष्टींत ती बाई ताप उतरून उठते आणि सेवेला लागते. तिथून पुढे वाचवेना.

एवढंच विचारते. रूथने माझं नाव काढलं होतं का? खरं ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
अक्का