रोज्यातले थेंब

२६ फेब्रुवारी २०२५

कोरडे! म्हणे डोळे कोरडे! शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं तरी डोळ्यांत वाळू खुपते म्हणून मी अजून फळ्यावरच्या खडूला शिव्या देत होते. आज अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाहिली, तर पट्टी भिजेचना. पुरेसे अश्रूच तयार होत नाहीत. डाव्या बुबुळावर ओरखडासुद्धा पडलाय.

"दर दोन तासांनी थेंब. चुकवलंत तर डाग राहील, मॅडम. तो मग पुसता येत नाही."

अकोल्याला परतताना बसमध्ये हे म्हणाले, "तरीच! तू कधी रडलीच नाई. मले वाटे, बाई लय खमकी हाय." आमच्या गयासुद्दीन गादीवाल्यांची ही विनोदबुद्धी! मूर्तिजापूर येईपर्यंत हसत होते मी.

२ मार्च

पहिला रोजा. पहाटे सहरीच्या जेवणाला हेही उठले. यांना साखरेचा आजार, गोळ्या चालू. डॉक्टरांनी रोजा मना केलाय आणि मी तर कसमच घातलीय — आजाऱ्याला सूट अल्लाहनेच दिलीय, दुपारी डबा खायचाच! तरी उठले. म्हणे, "तू एकटी जेवशील, बरं नाई वाटत."

मेथी आणि पोळ्यांचा डबा दिला. मुकाट घेऊन आपल्या दुकानात गेले. नवरा शहाणा मिळालाय, खोटं कशाला बोलू.

३ मार्च

सकाळी थेंब टाकला आणि दोन मिनिटांत कडू चव थेट घशात! डोळ्यातून नाकात, नाकातून घशात — असा रस्ताच असतो म्हणे. मौलवीसाहेबांना फोन केला. "डोळ्यात दवा टाकल्यानं रोजा तुटत नाही. बेफिकीर टाका."

त्यांचं बरोबरच असेल. पण घसा माझा आहे ना! रोज्यात पाण्याचा घोट उतरू दिला नाही कधी, आणि आता हे कडू पाणी? मन घेत नाही.

५ मार्च

उपाय सापडला. दुकानात निघण्याआधी हे बाटली हातात देऊन समोर उभे राहतात. मी मान मागे टाकते, बाटली उंच धरते आणि थेंब हळूच गालावर सोडते. ओढणीने पुसलं की झालं. इफ्तारनंतर मात्र खरे टाकते, अगदी नेमाने. यांना कळत नाही.

११ मार्च

धर्मपालभाऊ भाजीबाजारात भेटले. यांच्या दुकानाला लागूनच त्यांचं झेरॉक्स. "भाबी, कालची वांगी एक नंबर होती!" म्हणजे हे डब्यातून त्यांनाही वाढतात. किती बरं वाटलं! उद्यापासून दोन पोळ्या जास्त.

१५ मार्च

डोळा लालभडक. पुन्हा अमरावती. बाई भिंगातून बघत म्हणाल्या, "ओरखडा वाढलाय. थेंब टाकता ना वेळेवर?"

"हो," म्हटलं मी. चटकन! हे शेजारीच बसले होते. खिडकीबाहेर बघत राहिले.

मग बाईंनी पापणीच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रात बूच बसवलं. अश्रू वाहून जायची वाट असते ती. बूच तांदळाच्या कणीहून लहान! आहे तेवढं पाणी डोळ्यातच राहावं म्हणून. मी भीत भीत विचारलं, "आणि औषध? ते घशात येतं हो."

"आता कसं येईल? वाटच बंद केलीय."

बाईंची पापी घ्यावीशी वाटली!

१६ मार्च

खरा थेंब टाकला. घसा स्वच्छ! कडू नाही, काही नाही. आता एवढंच की औषधाला आत जायला वाट नाही, म्हणून डोळा भरतो आणि उरलेलं गालावर ओघळतं. ओघळेना का. यांच्यासमोर ताठ मानेने टाकला. यांनी गालाकडे पाहिलं, डबा उचलला, गेले.

२१ मार्च

लाली गेली, वाळू गेली. आज अख्खा पेपर वाचून काढला, राशिभविष्यासकट. मी फार सुखात आहे.

२२ मार्च

ऊन भारी तापलंय. हे थकलेले दिसतात. ईदेची गिऱ्हाइकी आहे, रविवारीही दुकान उघडं ठेवणार म्हणे. डब्यात खजूर टाकले.

२४ मार्च

दुपारी धर्मपालभाऊ यांना रिक्षात घालून घेऊन आले. दुकानात चक्कर येऊन पडले होते. घामाने चिंब, हात थरथरत होते. साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं तेव्हा कुठे नीट बोलू लागले.

धर्मपालभाऊ रडकुंडीला आले. "भाबी, मले काय मालूम! रोज पुरा डबा मलेच देऊन राह्यले. म्हणत, भूक नाई."

"काहून?" मी यांच्यावर ओरडलेच.

"तू दवाई गालावर टाकून राह्यली. तुले सूट नाई पायजे, त मले काहून पायजे? ठरवलं होतं, ज्या दिवशी डोळ्यात टाकशील त्या दिवशी जेवीन."

"अहो, बूच बसवलं तेव्हापासून डोळ्यातच टाकते!"

"गाल त रोज ओलाच दिसते तुया."

मी बाटली यांच्या हातात दिली आणि समोर मान मागे टाकून बसले. यांचा हात अजून थरथरत होता. तिसरा थेंब डोळ्यात पडला. मग मी ताट वाढलं.