पहिल्या पानाचे सहा मथळे आणि पुढची खोली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, निवृत्त उपसंपादक, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणाचे दडपण नाही. डोके ठिकाणावर आहे. तशी खात्री करून घेतलेले आमचे डॉक्टर पहिले साक्षीदार म्हणून समोरच पेपर चाळत बसले आहेत. याआधी एक मृत्युपत्र केले होते, पण ते पुतण्याच्या गोड बोलण्याला भुलून केले होते, सबब रद्द समजावे.

कलम एक. बँकेतली ठेव आणि मागच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एक मुलीला. आई गेल्यापासून माझी औषधे, माझा चष्मा आणि माझी बडबड तिनेच सांभाळली. मला रागावण्याचे कामही तिने दुसऱ्या कोणावर कधी ढकलले नाही. पोरी, तुझे उपकार मानायला तोंड उघडले की तू विषय बदलतेस, म्हणून इथे लिहितो.

कलम दोन. पुतण्याला माझी काळी छत्री. ती मुळात त्याचीच आहे. नऊ वर्षे मागतो आहे, आता घेऊन जावी.

कलम तीन. कात्री, लाल पेन्सिली आणि जाडा शब्दकोश नातीला. शब्दकोश दाराला टेकण म्हणून लावू नये. मी लावत आलो, म्हणूनच सांगतो.

कलम चार. कपाटात पत्र्याचा डबा आहे. त्यात एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा आमच्या दैनिकाचा अंक आणि कागदाच्या सहा चिठ्ठ्या आहेत. अंक जरूर वाचावा, कारण पहिल्या पानावर इतके खरे आम्ही पुन्हा कधी छापले नाही. नगराध्यक्ष परदेश दौरा करून आले, त्यांच्या हार घातलेल्या फोटोवर मथळा आहे: ‘पळालेले माकड अखेर पिंजऱ्यात’. माकडाच्या बातमीवर: ‘सहकाऱ्यांना अश्रू अनावर’. न्यायाधीशसाहेब निवृत्त झाले, त्यांच्यावर: ‘दुर्गंधी संपली, रहिवाशांचा सुटकेचा निःश्वास’. तुंबलेले गटार मोकळे झाले त्यावर: ‘तीन तास श्रोते जागचे हलले नाहीत’. गायिकेच्या मैफलीवर: ‘जोर ओसरला, जीवितहानी नाही’. आणि वादळाने शंभर छपरे उडवली, त्यावर: ‘नगराध्यक्षांचे आगमन, शहरात उत्साह’.

गायिकाबाईंनी दिलखुलास पत्र पाठवले, की मैफलीचे इतके प्रामाणिक परीक्षण आजवर झाले नव्हते. न्यायाधीशसाहेब मात्र बागेत मला पाहिले की पुढे कितीतरी वर्षे वाट बदलत. त्यांची मी इथे माफी मागतो. नगराध्यक्षांची मागत नाही.

आता खरे काय झाले ते. तेव्हा बातम्यांना आकडे असत आणि मथळे वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून त्यांनाही तेच आकडे द्यायचे. त्या संध्याकाळी मी पहिली चिठ्ठी हातात घेतली आणि इस्पितळातून फोन आला: “लवकर या.” हातातली चिठ्ठी मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली, वरून खाली सगळ्यांवर भराभर एक ते सहा आकडे टाकले आणि धूम ठोकली. एक मथळा खाली गेला, बाकीचे सगळे वर सरकले. इकडे माझी मुलगी जन्मली.

आमचा जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून मजकूर जुळवणारा, त्याने आकड्यांप्रमाणे पान बांधले. सकाळी मालक लालबुंद होऊन खाली आले. जुळारी म्हणाला, “हात चुकला.” त्याला उभ्या उभ्या काढून टाकले. मी दुपारी पोचलो, टेबलाखाली पडलेल्या चिठ्ठ्या पाहिल्या, माझेच अक्षर ओळखले. मालकांच्या दारापर्यंत गेलो. माझी नोकरी अजून कच्ची होती. आत जाऊन “मुलगी झाली” एवढेच बोललो आणि बाहेर आलो. चिठ्ठ्या खिशात.

तेव्हापासून तो लग्नपत्रिका छापतो. दर गुरुवारी आम्ही बुद्धिबळ खेळतो. आपलाच हात चुकला असे त्याला अजून वाटते. एकेक पत्रिका तीन-तीनदा तपासतो, आणि ते बघताना माझा जीव तुटतो. मी त्याच्या हातावरचा विश्वास घालवला. हे त्याला तोंडाने सांगायची हिंमत मला एक्केचाळीस वर्षांत झाली नाही. मी भेकड निघालो.

कलम पाच. सबब रस्त्याकडची, उजेडाची पुढची खोली माझ्या पश्चात जुळाऱ्याला. तीन जिने चढून त्याचे गुडघे कामातून गेले आहेत. छापायचे छोटे यंत्र इथे खिडकीपाशी बसेल. ही चिठ्ठ्यांची गोष्ट तेव्हा त्याला वाचून

येथे ओळ अर्धी राहिली आहे, ती माझ्या हातूनच. दुसरा साक्षीदार म्हणून मी जुळाऱ्यालाच बोलावले होते. हा गृहस्थ केव्हाचा समोर बसून चहा पितो आहे. खिळ्यांवरची उलटी अक्षरे वाचण्यात ज्याची हयात गेली त्याच्यासमोर कागद उघडा ठेवून मी लिहीत होतो! आमच्या धंद्यात राहून मला हे सुचू नये?

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, “थांब. आकडे चुकलेत ते मला जुळवतानाच दिसलं होतं.”

मी म्हटले, “काय?”

“अरे, नगराध्यक्षाच्या डोक्यावर माकड बसवताना जुळाऱ्याला कळणार नाही होय? पण त्या दिवशी सगळ्यांदेखत तू मला हमाल म्हणाला होतास. खिळ्यांचा हमाल. म्हटलं, हमालाने कशाला डोकं चालवायचं? हसत हसत बांधलं पान. नोकरी गेली ती माझ्या कर्माने गेली. तुला पोर झाल्याचं कळलं तेव्हा लाजेने मेलो.”

“आणि ते तीन-तीनदा तपासणं?”

“पुन्हा मोह होऊ नये म्हणून! एकेक नवरदेव असले नमुने असतात.”

हमाल म्हटल्याचे मला आठवत नाही. पण म्हटले असणार. त्या वयात माझी जीभ फार चालायची. मी त्याचा हात धरला आणि रडलो, हे मृत्युपत्रात लिहायला कायद्याची आडकाठी नाही असे डॉक्टर म्हणतात.

मुलगी दारात उभी राहून सगळे ऐकत होती. जुळारी तिला म्हणाला, “बाई, मला खोली-बिली नको. माझाही गुन्हा आहे. मी आपला सही करतो आणि जातो.”

ती म्हणाली, “काका, सही करून जाताय कुठे? खोली उद्याच झाडून घेते. बाबा मरायची वाट कशाला बघायची?”

सबब कलम पाचमधले ‘माझ्या पश्चात’ हे शब्द रद्द समजावेत. बाकी कलम कायम. पण जुळारी ऐकेना. ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही, हे डॉक्टरांकडून ऐकल्याबरोबर त्याने माझे पेन ओढून घेतले आणि खाली सही ठोकली. मग मुलगी त्याच्याजवळ खाली बसली. “काका, मला एकटीला बाबा आवरत नाहीत हो,” एवढेच म्हणाली. त्याने माझे पेन पुन्हा मागून घेतले.

स्थळ: पुढची खोली.
दिनांक: सोळा मार्च, गुरुवार.

लिहून देणार: सही

साक्षीदार पहिले: सही (डॉक्टर)

साक्षीदार दुसरे: <s>सही (जुळारी)</s> माझी सही मी स्वतः खोडली आहे. जुळारी.

साक्षीदार दुसरे: सही (शेजारच्या शिंपीणबाई)