ताराच्या चित्राची फाईल

रविवार, ६ नोव्हेंबर १९९४

नाही जमलं! चित्र पडद्यावर येतं, मशीन बंद केलं की गेलं. ताराच्या फ्लॉपीत चित्र नाहीच, चित्र काढायच्या ओळी आहेत – इथून तिथवर रेघ, इथे गोल. बेसिक भाषेत. छापायचं तर आधी त्याची बीएमपी फाईल करा, असं पंजाबरावांचं म्हणणं. ते आमच्या प्लान्टच्या कॉम्प्युटर सेक्शनला. ड्यूटी सुटल्यावर मला मशीनवर बसू देतात, उपकारच त्यांचे.

पुढच्या महिन्यात पोरीचं वर्षश्राद्ध. फोटोशेजारी तिच्या हातचं काहीतरी लावायचं आहे.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

आमचं सेक्टर सहाचं क्वार्टर काढलंय तिनं. फाटक, पेरूचं झाड, ओट्यावर तांदूळ निवडणारी तिची आई, कमलिनी. सगळं आहे. मी नाही.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं, लिहायला आज धजलो. नागपूरच्या कॉम्प्युटर कोर्सला मी नाही म्हणालो. तिच्या हृदयाची झडप खराब, दुसरं काय म्हणणार? पण चार लोकांसमोर म्हणालो – "चार पायऱ्या चढली का धापा टाकतं तू, अन् नागपूरले एकटी राहतं म्हणे!" तेव्हापासून अबोला. गणपतीपासून ते शेवटपर्यंत. दवाखान्यातसुद्धा पाणी आईला मागितलं. रागातच गेली का? कोणाला विचारू?

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

पंजाबरावांनी कागदावर समजावलं. पडद्यावरच्या एकेका ठिपक्याला त्याचा रंग विचारायचा, तो नंबर फाईलमध्ये लिहायचा. आधी बी आणि एम ही दोन अक्षरं, मग लांबी-रुंदी, मग ठिपके. तीन तास बसलो. फाईल उघडली तर घर उलटं! कमलिनी ओट्याला लोंबकळतेय. "अजी देवरावजी, बीएमपी खालून वर भरा लागते नं!" – पंजाबराव हसून हसून बेजार. तीस वर्षं ड्रॉइंग शीटवर खालच्या कोपऱ्यापासूनच मोजत आलो, आणि नेमका इथे वरून गेलो.

रविवार, १३ नोव्हेंबर

गेलो नाही. डोळे दुखतात. कमलिनी म्हणते, "डोये नाई, दुसरंच दुखते तुमचं."

बुधवार, १६ नोव्हेंबर

घर सरळ झालं! पण प्रोग्रामचा नुसता पसारा. एक आकृती काढायची, काळ्या रंगानं पुसायची. जरा सरकवून पुन्हा काढायची, पुन्हा पुसायची. अठरा वेळा! मध्ये मध्ये एक ते पाचशे नुसती मोजणी, मोजून करायचं काहीच नाही. पडद्यावर यातलं काही दिसत नाही, क्षणभर लुकलुकतं तेवढंच. आमच्या ड्रॉइंग ऑफिसचा नियम – शेवटी जी रेघ दिसत नाही ती ठेवायची नाही. सगळ्या ओळी कागदावर छापून घेतल्या, फालतू होत्या त्या लाल पेन्सिलीनं खोडल्या आणि सवयीनं खाली तपासणीची सहीदेखील ठोकली. मग फ्लॉपीवरूनही त्या काढून टाकल्या.

फाईल झाली. छापूनही मिळाली. घरी येऊन मोरीत जाऊन रडलो.

शनिवार, ३ डिसेंबर

वर्षश्राद्ध झालं. चित्राची फ्रेम फोटोशेजारी लावली.

रत्नमाला आली होती. तारा आणि ती एकाच कॉम्प्युटर क्लासला जायच्या, आता ती तिथेच शिकवते. फ्रेम जवळ जाऊन पाहिली. मग म्हणाली, "काकाजी, हे तर आखरीचं चित्र आहे. तुमची सायकल कुठं गेली?"

"माझी सायकल?"

"तुम्ही ड्यूटीवरून येता नं त्याच्यात! काढायचं, पुसायचं, थोडं पुढं काढायचं – तशीच तर चालते सायकल. मध्ये मोजणी टाकली का मशीन तेवढं थांबते, मग आरामात चालते. क्लासच्या जुन्या मशीनवर मस्त दिसायचं. तुमच्या ऑफिसचं मशीन फास्ट आहे, उसमें तो पलक झपकते ही खतम."

"कधी केलं तिनं हे?"

"दिवाळीच्या बाद. रोज दोन-तीन वेळा लावून पाहायची."

दिवाळीनंतर! म्हणजे अबोल्यातच. नंतर जेवायला बसलो, तो भरल्या ताटावरून उठलो. कमलिनीला काय सांगू, मी काय खोडलं ते?

सोमवार, ५ डिसेंबर

क्लासमध्ये जुन्या मशीनवर बसलो. लाल रेघांखालच्या ओळी एकेक करून पुन्हा भरल्या, मोजणीसकट. रत्नमालानं चालू केलं. सायकलवर मी – चष्मा, हँडलला डबा. फाटकातून आलो, पेरू ओलांडला, ओट्याशी उतरलो, दारातून आत गेलो.

पोरगी बोलत नव्हती, पण रोज मला घरी आणत होती.